परदेशात राहून, लहान पोरं सांभाळत, आईचं डोंबिवलीचं घर कसं विकलं (आणि तुम्ही कसं विकाल)

आधीच सांगते, मी वकील नाही, सीए नाही. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, मुलगी ६ वर्षांची, मुलगा २ वर्षांचा, आणि २०२४ च्या जूनपासून २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत आईचा डोंबिवली पूर्वेचा फ्लॅट विकत होते. विकत होते म्हणजे अक्षरशः विकतच होते, रोज काहीतरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, १९८६ ची बिल्डिंग, फडके रोडपासून चालत दहा मिनिटं. आई २०२३ च्या जानेवारीत गेली, बाबा त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी. मागे आम्ही दोघी बहिणी, ताई ठाण्यात, मी इकडे. मैत्रिणी आता विचारतात की कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझं म्हणणं एकच आहे. या कामाचे दोन भाग असतात आणि आपण ते एकत्र कालवतो. एक सह्यांचा भाग, तो तुमच्याशिवाय होऊ शकतो. दुसरा घर रिकामं करायचा, तो तुमच्याशिवाय होत नाही. आम्ही सुरुवातीला उलटं केलं, सह्यांसाठी तिकिटं काढायला निघालो आणि घर ताईवर टाकलं. तसं करू नका. मुलांना घेऊन एकच फेरी जमणार असेल तर ती कपाटं उपसायला ठेवा, सब-रजिस्ट्रारच्या बाकड्यावर बसायला नको.

आधी कागद, मग गिऱ्हाईक

सगळे पहिल्यांदा एजंटला फोन करतात, भाव काय चाललाय वगैरे. आम्हीपण केला. एजंटने ८ दिवसांत गिऱ्हाईक आणलं, त्याने टोकन द्यायची तयारी दाखवली, त्याच्या बँकेच्या वकिलाने कागद मागितले आणि तिथे सगळं थांबलं, कारण शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीत फ्लॅट कुणाच्या नावावर ते दाखवणारा कागद) आईचं नाव, आई हयात नाही, आणि नॉमिनी कोण तर बाबा, जे तिच्या आधीच गेले. गिऱ्हाईक दोन महिने थांबलं आणि दुसरीकडे गेलं. त्याचं काही चुकलं नाही.

तर पहिल्या दिवशी काय करायचं, एका फाइलमध्ये हे जमतंय का बघा: बिल्डरबरोबरचं पहिलं ओरिजिनल अॅग्रीमेंट आणि त्याची रजिस्ट्रेशनची पावती, मधे विक्री झाली असेल तर ती सगळी चेन, शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला (निदान ५ प्रती घ्या, प्रत्येकजण ओरिजिनल मागतो), कर्ज होतं तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती, लाइट बिल. आईने शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून घर घेतलं होतं, ते १९९९ मध्येच फिटलं, पण फिटल्याचा कागद कुणी घेतलाच नव्हता. ताईने तो २५ वर्षांनी जाऊन आणला, म्हणजे बघा.

ओरिजिनल अॅग्रीमेंट सापडत नसेल तर घाबरू नका, पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद, पेपरात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून सर्टिफाइड कॉपी, एवढ्यावर बहुतेकदा निभावतं. आमचं सापडलं. कुठे, तर गव्हाच्या पिंपामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर आईच्या अक्षरात "घर".

वारस कोण हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही, नॉमिनी फक्त सोसायटीपुरता, मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल आणि भावंडांत कुणाला आपला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करून रजिस्टर करा, नाहीतर सगळ्या वारसांनी विकणारे म्हणून सही करायची, आम्ही दुसरं केलं. पण आम्ही दोघीच वारस आहोत हे सिद्ध करायला खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने कोर्टाचा वारस दाखला मागितला. तलाठी-तहसीलदाराकडचा दाखला पेन्शनबिन्शनला चालतो, फ्लॅटच्या कर्जाला बँक तो मान्य करेलच असं नाही. कोर्टाचा जो दाखला असतो तो १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशन आठ खाली मिळतो, हो, १८२७, डोंबिवली तेव्हा खेडं असणार. अर्ज, जाहीर नोटीस, कुणाची हरकत येते का त्याची वाट, तारीख, पुढची तारीख. आम्हाला ५ महिने लागले. म्हणून म्हणते, घर विकायचं ठरलं, किंवा अजून ठरलंही नसेल, तरी या दाखल्याचा अर्ज टाकून ठेवा, तो काही वाया जात नाही.

बायकांसाठी खास: नावं तपासा. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पॅनवर मधलं नाव बाबांचंच राहिलेलं. तीन कागद, तीन बायका. लग्नाचा दाखला आणि "या सर्व नावांची व्यक्ती मी एकच" असं प्रतिज्ञापत्र लागलं. आईच्या अॅग्रीमेंटमध्ये आडनावाचं स्पेलिंग एक आणि मृत्यूच्या दाखल्यात दुसरं, त्याचंही वेगळं प्रतिज्ञापत्र. आणि पॅन चालू आहे का ते इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघा, एनआरआयना आधार जोडायची सक्ती नाही पण पोर्टलवर तुम्ही रेसिडेंट म्हणून नोंदलेले असाल तर पॅन निष्क्रिय होऊन बसतं आणि मग टीडीएस (विक्रीच्या पैशांतून खरेदीदार आधीच कापून सरकारला भरतो तो टॅक्स) जास्त कापला जातो.

पॉवर ऑफ अॅटर्नी, माझी दोनदा झाली

कुलमुखत्यारपत्र, म्हणजे दुसऱ्याला आपल्या वतीने सह्या करायचा दिलेला लेखी अधिकार, सगळे पीओएच म्हणतात. मी ताईला दिली. सख्ख्या बहिणीला, आई-वडिलांना, नवऱ्याला, अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ५०० रुपये. मित्राला किंवा एजंटच्या माणसाला विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क लागू शकतं, म्हणजे लाखांत. "आमचा माणूस आहे ना, त्याच्या नावाने करून टाका" असं कुणी म्हटलं तर हे आठवा, बाकीची कारणं आहेतच.

मसुदा भारतातल्या वकिलाकडूनच घ्या, इकडचे तयार नमुने वापरू नका. जनरल नको, स्पेशल, याच एका फ्लॅटपुरती. त्यात स्पष्ट पाहिजे: अॅग्रीमेंटवर आणि खरेदीखतावर सही करणे, रजिस्ट्रेशनला हजर राहणे, सोसायटी, महापालिका, महावितरण यांच्याकडे अर्ज करणे, ताबा देणे. आणि हेही स्पष्ट पाहिजे की माझ्या हिश्श्याचे पैसे माझ्याच एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं) जातील. माझा ताईवर अविश्वास आहे म्हणून नाही, उद्या तिला कुणी विचारलं की बहिणीचे ३६ लाख तुमच्या खात्यात कसे, तर त्या बिचारीने काय उत्तर द्यायचं.

पहिल्या वेळी आमच्या मसुद्यात फ्लॅट नंबर, बिल्डिंगचं नाव, पत्ता सगळं होतं, फक्त सर्व्हे नंबर नव्हता. वकिलाने नंतर म्हटलं हे चालणार नाही. म्हणजे परत नोटरी, परत फी, परत कुरिअर. जुन्या अॅग्रीमेंटच्या शेवटी जे परिशिष्ट असतं ना, गाव मौजे अमुक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, ते जसंच्या तसं उतरवून घ्या आणि शब्दन् शब्द बोट ठेवून ताडून बघा.

सही कुठे करायची, त्याला दोन रस्ते. एक, भारतीय वकिलात किंवा हाय कमिशन, अपॉइंटमेंट घेऊन. दुसरा, इकडच्या नोटरी पब्लिकसमोर सही आणि मग अपोस्टिल (नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा इकडच्या सरकारचा दाखला). भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे आणि ब्रिटनमधलं अपोस्टिल तिकडे चालतं, पण प्रत्येक देशाचं तसं नाही, उदाहरणार्थ जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे, तिथे वकिलातच गाठावी लागते. मी नोटरी घेतली कारण लंडनला दोन वर्षांच्या पोराला घेऊन रांगेत उभं राहायची माझी ताकद नव्हती. नोटरीच्या ऑफिसात तो टेबलाखाली बसून शिक्क्याच्या डबीशी खेळत होता, मी प्रत्येक पानावर सही आणि अंगठा करत होते, आणि मग त्यालाही अंगठा करायचा होता. करू दिला नाही, पण त्याच्या बोटाला शाई लागलीच आणि ती पान ७ च्या कोपऱ्यात आहे. चाललं ते.

एक गोष्ट जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती: परदेशात केलेला असा दस्त महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरायला लागतं, त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जावं लागतं, आमचं ठाण्याला झालं. तो कधी पोचला त्याचा पुरावा म्हणून कुरिअरचं पाकीट, तारखेसकट, जपून ठेवा. ताईने ते रद्दीत टाकायला काढलं होतं, भावोजींनी परत काढलं.

आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी पीओएधारकाला एक घोषणापत्र द्यावं लागतं की पॉवर रद्द झालेली नाही आणि लिहून देणार व्यक्ती हयात आहे. त्या दिवशी ताईचा मेसेज आला, "तू जिवंत आहेस असं लिहून दिलंय, तब्येत सांभाळ."

टॅक्स, इथे सगळ्यात जास्त गोंधळ

हे आमच्या वेळचे, २०२५ चे नियम आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे मी नंबर देत नाही, तुमच्या सीएला आजचं विचारा. पण हिशोब कसा करायचा ते समजून घ्या, नाहीतर सीए काय बोलतोय तेच कळत नाही.

विकणारा भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. विकणारा एनआरआय असेल तर १ टक्का नाही, दीर्घ मुदतीच्या नफ्याच्या दराने कापायचा, म्हणजे १२.५ टक्के अधिक सेस, मिळून १३ टक्के, आणि तुमची रक्कम ५० लाखांच्या वर, एक कोटीपर्यंत गेली तर सरचार्ज लागून १४.३ टक्के. आणि तो नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. आमचा फ्लॅट ७२ लाखांना गेला, निम्मा ताईचा निम्मा माझा. ताईच्या ३६ लाखांवर १ टक्का म्हणजे ३६,००० आणि माझ्या ३६ लाखांवर १३ टक्के म्हणजे ४,६८,०००. एकच घर, एकच आई. शिवाय २३ जुलै २०२४ नंतर खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून २० टक्के की न वाढवता १२.५ टक्के, हा पर्याय जुन्या घरांसाठी ताईला आहे, मला नाही. असो.

खरेदीदाराला हे माहीत नसतं. आमच्या खरेदीदाराने टोकनच्या वेळी दोघींवर सरसकट १ टक्का कापायची तयारी केली होती, त्याच्या ओळखीच्या कुणीतरी तसं सांगितलं होतं. तुम्ही गप्प बसलात तर त्या वेळी तुमचे पैसे वाचल्यासारखे वाटतात पण नंतर खात्याची नोटीस त्याला येते, व्याजासकट, आणि तो तुम्हाला शोधत येतो. अॅग्रीमेंटमध्येच लिहा की विकणारी क्रमांक २ अनिवासी आहे. आमच्या वेळी त्याला त्यासाठी टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागला, तिमाही रिटर्न भरावं लागलं. साधा नोकरी करणारा माणूस, तो घाबरला. आम्ही आमच्याच सीएकडून त्याचं सगळं करून दिलं, फी आम्ही भरली, आणि सौदा टिकला तो त्यामुळेच असं माझं मत आहे.

आता तो टीडीएस कमी करून घ्यायचा दाखला मिळतो, आमच्या वेळी फॉर्म १३ भरून मिळायचा. सगळीकडे सांगतात की तो काढाच. मी म्हणते आधी गणित करा. आईने १९८६ मध्ये घर घेतलं, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते (पण त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरतात त्या किमतीपेक्षा, जास्त नाही), ती मूल्यांककाने ९ लाख काढली. माझा निम्मा हिस्सा साडेचार लाख. ३६ वजा साडेचार, नफा साडेएकतीस लाख, त्यावर १३ टक्के म्हणजे ४,०९,५००. कापला किती जाणार तर ४,६८,०००. फरक ५८,५००, आणि तो रिटर्न भरून परत मिळतोच. त्यासाठी दीडेक महिना खरेदीदाराला थांबवून ठेवायचं का? मी नाही थांबवलं. पण समजा तुम्ही २०१६ मध्ये ६० लाखांना घेतलेला एकट्याच्या नावावरचा फ्लॅट ७५ ला विकताय, तर कापले जाणार १०,७२,५०० आणि खरा टॅक्स १,९५,०००. तिथे त्या दाखल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि मोठा हप्ता घ्यायच्या आधी तो हातात पाहिजे, कारण टीडीएस प्रत्येक हप्त्यावर कापला जातो, टोकनवरसुद्धा.

टॅक्स वाचवायला आरईसी, पीएफसी वगैरे सरकारी कंपन्यांचे बाँड घेतात, ६ महिन्यांच्या आत, जास्तीत जास्त ५० लाख, ५ वर्षं अडकतात. घ्यायच्या आधी तुम्ही राहता तो देश काय म्हणतो ते बघा, कारण तिकडे वाचवलेला टॅक्स इकडे भरावा लागू शकतो, भारतात भरलेल्याच टॅक्सची वजावट मिळते, माफ झालेल्याची नाही. ब्रिटनचं मला माहीत आहे ते सांगते. वारशाने मिळालेल्या घराची किंमत इथे मृत्यूच्या दिवशीची धरतात, आणि पाउंडात मोजतात, त्या त्या दिवसाच्या दराने. आई गेली तेव्हा पाउंड साधारण १०० रुपये, विकलं तेव्हा ११८ च्या आसपास. रुपयांत घर थोडं वाढलं होतं, पाउंडात चक्क उतरलं. म्हणजे इथे नफाच नाही. त्यामुळे मूल्यांककाकडून एकाच वेळी दोन रिपोर्ट घ्या, एक १ एप्रिल २००१ चा आणि एक मृत्यूच्या तारखेचा. आम्ही दुसरा नंतर मागितला तर त्याने परत पूर्ण फी घेतली.

पैसे एनआरओ खात्यात येतात, साध्या सेव्हिंगमध्ये घेऊ नका, एनआरआय झाल्यावर ते खातं तसं ठेवायचंच नसतं. तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, आमच्या वेळी १५सीए (पैसे बाहेर पाठवतोय असं आपलं निवेदन) आणि सीएने दिलेलं १५सीबी (टॅक्सचं तपासल्याचा दाखला) हे फॉर्म जोडून. आमच्यासारख्यांना ती मर्यादा पुरून उरते.

रोखीत थोडे देतो म्हणणारा भेटेलच. २०,००० किंवा त्यापेक्षा जास्त रोख घेणं घराच्या व्यवहारात बेकायदा आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. आणि घेऊन करणार काय, रेडिंगला सुटकेसमधून आणणार? किंमत सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली दाखवली तर टॅक्स सरकारी मूल्यावरच लागतो, तेही आहेच.

वेळ, फोन, ओटीपी

मुलीला शाळेत सोडून मी पावणेनऊला मोकळी व्हायचे. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सव्वा वाजलेला, म्हणजे प्रत्येक ऑफिसची जेवणाची सुट्टी. दोन महिने मी रोज जेवणाऱ्या लोकांना फोन करत होते. मग ठरवलं की फोन ताई करेल, मी फक्त लेखी. व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप, मी, ताई, भावोजी, वकील, सीए. एजंट त्यात नाही. ताई-भावोजींनी वर्षभर रजा टाकल्या, रिक्षा, झेरॉक्स, स्टँप, सगळा खर्च त्यांच्या खिशातून होत होता, तो दर महिन्याला हिशोब करून पाठवा. आपण लांब असतो म्हणून आपल्याला दिसत नाही, आणि भावंडांत वितुष्ट येतं ते याच बारीक गोष्टींवरून.

भारतातलं सिम रिचार्ज करून जिवंत ठेवा. माझं बंद पडलं होतं, बँकेचा ओटीपी त्यावर, पोर्टलचा ओटीपी त्यावर, नंबर बदलायला शाखेत समक्ष या म्हणाले. तीन आठवडे गेले निव्वळ त्यात.

गिऱ्हाईक आणि सोसायटी

मालक परदेशात म्हटलं की दोन समज होतात, एक की यांना पैशाची गरज नाही आणि दुसरा की यांना घाई आहे. दोन्हींनी भाव पडतो. आम्ही एजंटला सांगितलं की बोलणी ताईशीच, माझं नाव टीडीएसची गोष्ट निघाल्यावर काढायचं. शेजारचे म्हणत होते थांबा, रिडेव्हलपमेंट येतंय. ते २०१७ पासून येतंय. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करायचा दस्त) अजून बिल्डरकडेच अडकलेला, सभेत दोन गट, मला रेडिंगहून ते झेपणार नव्हतं. तुमच्या सोसायटीत खरंच कागद पुढे सरकले असतील तर थांबाही, तुमचं तुम्ही बघा.

पावसाळ्यात घर दाखवू नका म्हणतात. आम्ही दाखवलं, बेडरूमच्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग दाखवून, आणि तेवढे पैसे कमी करून. नंतर भांडण नको.

सोसायटीची ट्रान्सफर फी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, २००१ चा सरकारी आदेश आहे. आमच्याकडे वर "बिल्डिंग फंडाला स्वखुशीने" म्हणून दीड लाख मागितले. ताईने शांतपणे तो आदेश छापून नेला आणि स्वखुशी नाही असं सांगितलं. एनओसी मिळाली, तीन आठवडे उशिरा.

मुलांना घेऊन एकच फेरी

इंग्लंडमध्ये मुलांची शाळा ५ दिवस बुडवली की प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पाउंड दंड होऊ शकतो, २१ दिवसांत नाही भरला तर १६०. म्हणून सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी, म्हणजे तिकडे भर पाऊस, तिकिटं सगळ्यात महाग. आम्ही जुलैच्या शेवटी गेलो, तीन आठवडे. पहिले पाच दिवस कामाचं काही ठरवू नका, मुलं रात्री एकला झोपतात आणि सकाळी अकराला उठतात, तुमचीपण तीच गत. राहायला रिकाम्या घरात जाऊ नका, आम्ही ताईकडे राहिलो आणि रोज दुपारी लोकलने डोंबिवली. मुलगा मावशीकडे, मुलगी माझ्याबरोबर.

घर रिकामं करायचा क्रम आम्हाला असा सापडला: आधी कागद आणि फोटो, मग देवघर, मग स्वयंपाकघर, शेवटी फर्निचर. फर्निचर पहिल्यांदा काढलं तर बसायला काही उरत नाही. फोटो सगळे आणायचा मोह होतो, आम्ही जमिनीवर पसरून फोनने काढले आणि २ अल्बम ठेवले. देव ताईकडे गेले, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण माझ्याकडे, हे आधीच फोनवर ठरवून ठेवलं होतं म्हणून बरं. कपाट भंगारवाल्याला द्यायच्या आधी त्याचा चोरकप्पा उघडून बघा. आमच्यात बाबांचं घड्याळ आणि १९९४ चं रेशनकार्ड निघालं.

भांड्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या पिढीची सगळी भांडी नाव घातलेली, कुणाच्या लग्नात आली, कुणाच्या मुंजीत, तारखेसकट. मुलीला देवनागरी वाचायला मी दोन वर्षं शिकवत होते, जमत नव्हतं. ती तिथे फरशीवर बसून वाट्या घेऊन बोट फिरवत वाचायला लागली, "सौ. सु-म-ती स", मग थांबली, आणि विचारलं की याच्यावर कुणीतरी पिनने का लिहिलंय. मी तिला ती वाटी दिली. बाकी ४० किलो स्टील मोडीत गेलं. चार वाट्या, एक तांब्या आणि पोळ्यांचा डबा एवढंच बॅगेत बसलं. मुलांना रिकाम्या खोल्या मात्र फार आवडतात, आवाज घुमतो म्हणून.

रजिस्ट्रेशन त्यानंतर दीड महिन्याने झालं, आम्ही परत आल्यावर. सर्व्हर डाऊन होता, ताई सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तिथे. मी असते तर दोन पोरं घेऊन तिथे असते. ऑक्टोबरात कर्जाचे पैसे आले, ताबा पावती झाली, किल्ल्या दिल्या.

नंतरची उरलेली कामं लगेच उरका: लाइट, गॅस, कर यांची नावं बदलल्याची खात्री, अॅग्रीमेंट आणि इंडेक्स टूची (रजिस्ट्रेशन कार्यालयातला दस्ताच्या नोंदीचा उतारा) स्कॅन कॉपी, खरेदीदाराकडून टीडीएस भरल्याचा दाखला (आमच्या वेळी फॉर्म १६ए), आणि पुढच्या जुलैच्या आत रिटर्न. पीओए रद्द करून ताईला आणि वकिलाला तसं लेखी कळवलं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मात्र मी अजून बाहेर पडले नाहीये, टँकर किती वाजता येणार ते रोज कळतं.